बेबी गर्लचे एकतीस दिवस

"एकतीस दिवस," विद्यापीठाच्या विमा खिडकीतली बाई म्हणाली होती. "बाळ जन्मलं त्या दिवसापासून मोजायचे. बत्तिसाव्या दिवशी रडत आलीस तर मी तुला टिश्यू देईन, विमा देता येणार नाही."

मला तेव्हा सातवा महिना होता, खुर्चीतून उठायला दोन्ही हात टेकावे लागत होते. मी हसले. सगळ्याच गरोदर मुलींना ती हेच ऐकवत असणार असं मला वाटलं. शिवाय शेवटची तारीख म्हणजे काय चीज असते हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. कॉलेजात परीक्षेचा फॉर्म मी दर वर्षी उशिरा भरला. आधी शेवटची तारीख असते, मग लेट फीची शेवटची तारीख, मग सुपर लेट फीची, आणि तीही गेली की क्लार्ककाकांना प्रत्यक्ष भेटायचं असतं. अमेरिका इतकी प्रगत, तिथे क्लार्ककाका नसतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

इथे परदेशी विद्यार्थ्याला विम्याशिवाय विषयसुद्धा निवडता येत नाहीत. विमा नसला की संगणक तुमचं नाव पुढे सरकवतच नाही. त्यामुळे मला विमा होता. माझं बाळंतपण त्यात बसत होतं, आणि बाळाचे पहिले एकतीस दिवसही आपोआप बसत होते. पुढचं हवं असेल तर त्या मुदतीत एक फॉर्म. एका पानाचा. ऑनलाइन.

माझा नवरा संग्राम नागपूरचा. आठ वर्षं आयटीत होता. आता माझ्या विद्यार्थी व्हिसाच्या शेपटीला धरून आलेला, म्हणजे त्याला इथे काम करायला बंदी. हुशार माणसाला काम नसलं की तो काहीतरी सांभाळायला घेतो. कुणी कुंड्या सांभाळतं, कुणी खमीर. संग्राम फाइल सांभाळतो. निळी, चार बोटं जाड, आत रंगीत खुणा लावलेले कप्पे. शेवटच्या कप्प्यावर त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलंय: सिटिझनशिप.

आमचा ग्रीन कार्डाचा अर्जसुद्धा अजून झालेला नाही. मी आधी पीएचडी संपवणार, मग नोकरी शोधणार, मग कंपनीची मर्जी झाली तर ती अर्ज करणार, मग आम्ही भारतीयांच्या रांगेत उभे राहणार. मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी आहे, मी एकदा बसून गणित मांडलं होतं. नागरिकत्वाची शपथ घ्यायला आम्ही उभे राहू तेव्हा आम्हाला दोन्ही बाजूंनी कुणीतरी धरावं लागेल. पण फाइल आत्तापासून स्वच्छ हवी. हे त्र्यंबककाकांचं म्हणणं.

त्र्यंबककाका वकील नाहीत. ते एका बँकेचे जुने कम्प्यूटर सांभाळून निवृत्त झाले आणि जर्सी सिटीत आमच्यापासून दोन टॉवर पलीकडे राहतात. पण काका सिटिझन आहेत, आणि झालेल्या माणसाचा शब्द शिकलेल्या माणसाच्या शब्दापेक्षा मोठा असतो. दर रविवारी दुपारी तीन वाजता ते व्हिडिओ कॉल घेतात. त्याला 'मार्गदर्शन' म्हणायचं. पार पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रीमाँट-बेलव्ह्यूपर्यंतची चाळीसेक जोडपी आपापल्या चौकोनात वही घेऊन बसतात. फी नाही. फक्त भारतातून कुणी आलं की काकांकडे बाकरवडी पोचते.

काकांची सूत्रं तीन. पहिलं, विमा असावा, वापरू नये. गाडीच्या विम्यात क्लेम केला नाही की बोनस मिळतो, तसंच हे, असं त्यांचं शास्त्र. सव्वीस वर्षांत काकांनी एक क्लेम केलेला नाही. अक्कलदाढ दुखली तर ती ठाण्याला जाऊन काढून आले, विमानात अठरा तास गाल धरून. दुसरं, सरकारचं काही फुकट घेऊ नये, पुढे अर्जात माणूस सरकारवरचा बोजा ठरतो. लायब्ररीचं कार्डसुद्धा विचार करून. तिसरं आणि सर्वांत कडक, एका माणसाला कागदावर एकच नाव.

"फॉर्मवर प्रश्नच असतो," काका बोट वर करून सांगायचे, "याआधी तुम्ही दुसरं कोणतं नाव वापरलं आहे का? माझ्या मार्कशीटवर आडनावाच्या जागी वडिलांचं नाव पडलं होतं. त्यापायी माझ्या इंटरव्ह्यूत अकरा मिनिटं गेली. अकरा."

चाळीस जोडपी 'अकरा' लिहून घ्यायची. मीही लिहून घेतलं होतं. माझी पदव्युत्तर पदवी भिंतीवर फ्रेममध्ये होती आणि मी खाली बसून लिहून घेत होते, हे नोंदवून ठेवते.

मुलगी शुक्रवारी सकाळी झाली. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधली एक मुलगी जन्मनोंदणीचा कागद घेऊन आली आणि म्हणाली, "नाव?"

"ते अजून ठरायचंय," संग्राम म्हणाला.

"काही यादी वगैरे आहे का?"

"यादी नाही. आत्या आहे."

हे तिला कसं समजावणार? आमच्याकडे नाव बारशाला ठेवतात आणि ते बाळाच्या कानात आत्या सांगते. संग्रामची एकुलती एक बहीण राधिका बेलव्ह्यूला असते, आणि तिच्या टीमचं मोठं रिलीज होतं. ते झाल्याशिवाय तिला सुट्टी नव्हती. म्हणून बारसं चव्वेचाळिसाव्या दिवशी, शनिवारी. माझ्या मुलीचं नाव एका सॉफ्टवेअरच्या तारखेवर अडकलं. त्या मुलीने खांदे उडवले, सध्यापुरतं 'बेबी गर्ल' आणि पुढे आडनाव असं लिहिलं, आणि म्हणाली की नाव नंतर पाठवा, पुष्कळ लोक पाठवतात.

संग्रामचा चेहरा पडला. गाडीत तो म्हणाला, "एक नाव तर खर्ची पडलं."

"कोणतं?"

"बेबी गर्ल. ते आता रेकॉर्डवर आहे, आसावरी. आता बारशाचं नाव म्हणजे दुसरं."

मी मागच्या सीटवर बाळाची छाती वर-खाली होते का ते बघत होते. मी तेच करते. माझ्याकडे एक वही आहे, त्यात दर तासाचे श्वास, ओले डायपर आणि दूध लिहिलेलं असतं. माझी डॉक्टर ती वही बघून म्हणाली होती की तू झोपत जा. वहीत सगळं होतं. फॉर्म तेवढा नव्हता.

असं नाही की मला दिवस माहीत नव्हते. पंधराव्या दिवशी मी फॉर्म उघडला. सगळं भरलं. पहिल्या ओळीत बाळाचं नाव मागत होते. मी संग्रामला हाक मारली.

"बेबी गर्ल टाकू?"

"वेडी आहेस का? हॉस्पिटलचं चुकून झालं, समजू शकतो. आपण आपल्या हाताने टाकायचं?"

"मग एखादं नाव ठरवू आत्ताच. तुला अहिल्या आवडलं होतं."

"आणि राधिकाला काय सांगू? की तिच्या आधी इन्शुरन्स कंपनीने नाव ठेवलं?"

सासूबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "नाव ठेवायची काहून घाई आहे बाप्पा? पोरीला काय शाळेत घालताय का?"

एकतिसावा दिवस रविवार होता. तीन वाजता संग्रामने कॉलवर हात वर करून फॉर्मचं विचारलं. काकांनी चष्मा काढून पुसला. चाळीस जोडपी थांबली.

"अर्धवट नावाचा कागद," काका म्हणाले, "हा कागद नसण्यापेक्षा वाईट. बारसं होऊ दे. मग स्वच्छ, एकदाच, पूर्ण नाव. काय घाई आहे?"

"मुदत आज संपते काका," मी म्हणाले.

"आसावरी, या लोकांच्या मुदती मी सव्वीस वर्षं बघतोय. लेट फी घेतील आणि गप्प बसतील."

हे तर माझंच मत होतं, फक्त काकांच्या तोंडून आलं. मी लॅपटॉप बंद केला. ही गोष्ट संग्रामवर ढकलायला मला फार आवडेल, पण लॅपटॉप मीच बंद केला.

सोमवारी बाळाला पोटाशी बांधून मी विमा खिडकीवर गेले. बाईने स्क्रीन बघितला, मला बघितलं, आणि टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला.

"लेट फी भरते ना मी," मी म्हणाले.

"अशी काही फी नसते. पुढची खिडकी ऑगस्टमध्ये उघडते."

ऑक्टोबर चालला होता. ती बाई वाईट नव्हती. तिने ड्रॉवरमधून एक पत्रक काढून दिलं: राज्याची मुलांसाठीची आरोग्य योजना, खाली फोन नंबर. "आजच फोन कर," म्हणाली. "बाळं वाट बघत नाहीत."

संग्रामने ते पत्रक दोन बोटांत कोपऱ्याला धरून वाचलं. 'राज्य' हा शब्द दिसल्यावर त्याने ते नेऊन चपलांच्या रॅकवर ठेवलं. फाइलच्या खोलीतसुद्धा नको म्हणाला.

"मग चव्वेचाळीसपर्यंत काय?" मी विचारलं.

"चव्वेचाळीसनंतर मार्ग काढू. बारा दिवसांचा प्रश्न आहे. आपली पोरगी काय इतकी नाजूक आहे का?"

अडतिसाव्या दिवशी, पुन्हा रविवारी, ती दुपारच्या दुधाला उठली नाही. सकाळपासून दोनदाच प्यायली होती, तीही अर्धवट. मान गरम लागली. थर्मामीटरवर शंभर पॉइंट नऊ. मी पुन्हा लावला. एकशे एक.

हॉस्पिटलने घरी सोडताना एक पिवळा कागद दिला होता, तो मी फ्रिजवर चिकटवला होता. त्यावर ठळक लिहिलं होतं की बाळ दोन महिन्यांच्या आत असेल आणि ताप शंभर पॉइंट चार किंवा वर असेल, तर फोन करत बसू नका, निघा. मी तो कागद काढून बाहेर आले. संग्राम कॉलवर होता, तीन वाजून गेले होते.

"एकशे एक," मी म्हणाले. "निघायचंय."

तो उभा राहिला आणि मग पुन्हा बसला. "एक मिनिट, काकांना विचारतो."

मी नवऱ्याला इतकी वर्षं ओळखते. तो घाबरला होता. घाबरला की तो अनुभवी माणूस शोधतो. त्याने माइक चालू केला.

"काका, बाळाला ताप आहे. आणि विम्याचं ते तुम्हाला माहीतच आहे."

"कपडे जास्त घातले असतील," काका म्हणाले. "आपल्याकडे पोरांना पार्सलसारखं बांधतात. दोन थर काढ."

"काढले काका," मी मागून म्हणाले. "एकशे एक आहे."

एका चौकोनातून कुणीतरी विचारलं, "विम्याशिवाय इमर्जन्सीत गेलं तर ते सरकारी योजनेचा फॉर्म पुढे करतात म्हणे. खरं का काका?"

"करतात. सही मागतात. सही केली की तुम्ही सरकारच्या वहीत आलात. आई-बाप दोघंही."

"यार, मग करायचं काय?" संग्रामने विचारलं. तो मला विचारत नव्हता.

"आजची रात्र काढा. पाण्याच्या पट्ट्या ठेवा. उद्या सकाळी एखाद्या क्लिनिकमध्ये जा, रोख पैसे द्या, पावतीसुद्धा मागू नका."

संग्रामने दुसऱ्या फोनवर मध्यरात्री उठवलेल्या सासूबाई नागपूरहून वेखंड उगाळायला सांगत होत्या. बेलव्ह्यूच्या एका चौकोनातली बाई म्हणाली की तिच्या मुलाला असंच झालं होतं आणि ते दातांमुळे होतं. माझ्या मुलीचं वय अडतीस दिवस होतं.

"काका, ती दूध घेत नाहीये," मी म्हणाले.

"आसावरी, मी तुझ्या भल्याचं सांगतोय. एका पारड्यात एक रात्र, दुसऱ्यात वीस वर्षं. तूच तोलून बघ."

मी तोलून बघितलं. रात्र तिची होती. वर्षं आमची होती.

मी चप्पल घातली आणि तिला घेऊन बाहेर पडले. लिफ्टचं दार बंद होता होता संग्राम धावत आत शिरला. त्याच्या पायात दोन वेगळ्या चपला होत्या. डायपरची बॅग घरीच राहिली होती. फाइल त्याच्या काखेत होती.

"ही कशाला?" मी विचारलं.

"लागली तर," तो म्हणाला.

हॉस्पिटलच्या काउंटरवर नर्सने पहिला प्रश्न विचारला: "किती दिवसांची?" मी अडतीस म्हणताच तिने पेन खाली ठेवलं आणि आम्हाला आत घेतलं. विम्याचं विचारलं नाही. नागरिकत्वाचं विचारलं नाही. संग्राम फाइल उघडून उभा होता, पण त्यातलं पानसुद्धा कुणाला नको होतं.

"नाव?" आतल्या नर्सने विचारलं.

"ते शनिवारी ठरणार आहे," संग्राम म्हणाला.

तिने मनगटाच्या पट्टीवर 'बेबी गर्ल' लिहिलं आणि पट्टी लावली. इतकं सोपं होतं ते.

त्यांनी तिच्या डोक्यात सुई घातली, कारण हातात शीर सापडेना. लघवी घेतली. मग म्हणाले, पाठीतून थोडं पाणी काढावं लागेल, आईने बाहेर थांबलेलं बरं. मी काचेतून बघत होते. एका माणसाने तिला कोलंबीसारखं वाकवून धरलं होतं. त्या दहा मिनिटांबद्दल मी विनोद करणार नाही.

लघवीत जंतुसंसर्ग निघाला, तो रक्तात जायच्या बेतात होता. सलाईनमधून औषध सुरू झालं. तरुण डॉक्टर होती, डोळ्यांखाली काळं. ती म्हणाली की वेळेत आणलंत, उद्या सकाळपर्यंत थांबला असतात तर मी तुमच्याशी वेगळ्या खोलीत बसून बोलत असते. संग्रामने फाइल मिटली आणि खुर्चीखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलची समाजसेविका आली, डोलोरेस नावाची, पन्नाशीची, पायात रनिंगचे बूट. तिने तीन कागद टेबलावर ठेवले आणि सही कुठे करायची ते दाखवलं. संग्राम मागे सरकला.

"हे सरकारी आहे का?"

"राज्याची मुलांची योजना. हो."

"आम्ही नाही करू शकत. आमची फाइल आहे."

"कसली फाइल?"

"सिटिझनशिपची."

डोलोरेसने फाइलकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "अर्ज कधी केलाय?"

"अजून नाही," मी म्हणाले.

"कधी करणार?"

"साधारण वीस वर्षांनी. रांग हलली तर."

ती हसली नाही. तशी ती सभ्य बाई होती. मग तिने विचारलं, "या खोलीत अमेरिकेचा नागरिक कोण आहे?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. संग्रामला उत्तर सापडायला माझ्यापेक्षा दोन सेकंद जास्त लागले, पण सापडल्यावर त्याने पाळण्याकडे बघितलं ते बघतच राहिला. आमच्या घरातली एकुलती एक नागरिक, साडेनऊ पौंडांची, डोक्याला सलाईन लावून झोपली होती. तिला ना रांग, ना शपथ, ना इंटरव्ह्यू. 'याआधी दुसरं नाव वापरलं आहे का' हा प्रश्न तिला जन्मात कुणी विचारणार नव्हतं. आणि तिचं असलेलं नि आमचं नसलेलं नागरिकत्व जपायला आम्ही तिला अडतीस दिवस बिननावाची आणि सात दिवस बिनविम्याची ठेवली होती.

"ही योजना तिची आहे," डोलोरेस म्हणाली. "तिच्या हक्काची. तुम्ही फक्त पालक म्हणून सही करताय. तरी शंका असेल तर वकिलाला विचारा, नियमांची सारखी चर्चा चालू असते. विद्यापीठात वकील फुकट बसतो. शेजाऱ्यांना विचारू नका."

"शेजारी नाही, काका आहेत," संग्राम पुटपुटला.

"आणि नावाचं काय?" मी विचारलं. "त्या विद्यापीठाच्या फॉर्मवर. नाव ठरलं नव्हतं म्हणून आम्ही तो भरला नाही."

"बेबी गर्ल टाकायचं. माझ्याकडे आत्ता या मजल्यावर चार बेबी गर्ल आहेत आणि दोन बेबी बॉय. सगळ्यांना विमा आहे."

मी सही केली. संग्रामने केली. मग मी बेलव्ह्यूला व्हिडिओ कॉल लावला. राधिका मीटिंगमधून बाहेर आली, कॉरिडॉरमध्ये उभी राहिली, सगळं ऐकलं आणि आधी रडली आणि मग भावावर घसरली.

"दादा, मला कोणी सांगितलंच नाही की माझ्यासाठी फॉर्म अडलाय. मी फोनवरून कानात सांगितलं असतं रे. दोन मिनिटांचं काम होतं."

"तू म्हणालीस रिलीज आहे."

"रिलीज होतं. तोंड बंद नव्हतं."

आम्ही फोन बाळाच्या कानाशी धरला. आत्याने बेलव्ह्यूतल्या ऑफिसच्या कॉरिडॉरमधून कुर्र केलं आणि तिचं नाव अहिल्या ठेवलं. नर्सने येऊन विचारलं की पट्टी बदलायची का. संग्राम म्हणाला, राहू दे.

पुढच्या रविवारी तीन वाजता मी कॉलवर बसले. संग्राम स्वयंपाकघरात बाटल्या उकळत होता, तो येणार नव्हता. काकांना बातमी कुठून तरी लागली होती. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की देवाच्या कृपेने बाळ सुखरूप आहे, आणि यातून एक गोष्ट शिकायची, ती म्हणजे बाळाला जास्त कपडे घालू नयेत.

मी माइक चालू केला.

"काका, ताप कपड्यांमुळे नव्हता. आणि फॉर्मवर बेबी गर्ल चालतं. सगळ्यांनी लिहून घ्या. एकतीस दिवस, लेट फी नाही. मुलं इथे जन्मली की ती नागरिक असतात, त्यांची फाइल नसते."

काका शांतपणे म्हणाले, "शिकलेल्या मुलींचं हेच असतं. एकदा नशिबाने निभावलं की नियम सांगायला लागतात. मी सव्वीस वर्षं..."

"एकही क्लेम केला नाही. माहीत आहे काका. तुम्ही दाढ घेऊन ठाण्याला जाऊ शकलात. ती जाऊ शकत नव्हती."

कुणीतरी हसलं आणि लगेच माइक बंद केला. संध्याकाळी मला मार्गदर्शनाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलं होतं. कारण दिलं नव्हतं. संग्राम आपणहून बाहेर पडला, आणि हे मी त्याच्या खात्यावर जमा करते, कारण त्याला त्या दिवसापासून रविवारी दुपारी काय करावं ते कळत नाही. तो अहिल्येला घेऊन खिडकीशी उभा राहतो आणि तिला नदीवरच्या बोटी दाखवतो. तिला अजून एवढं लांबचं दिसत नाही.

मला वाटलं, झालं. पण दोन दिवसांनी एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. प्रीता, फ्रीमाँटहून. त्या चाळीस चौकोनांतला एक. मी तिला ओळखत नव्हते. तीही विद्यार्थिनी, नवरा संजीव तिच्या व्हिसावर, बाळ नऊ दिवसांचं. मुलगा.

'ताई, तुम्ही बोललात ते ऐकलं,' तिने लिहिलं होतं. 'पण संजीव म्हणतो काका चुकीचं सांगणार नाहीत. आमच्याकडे नाव आजोबा ठेवतात. त्यांचा व्हिसा पुढच्या महिन्यात होईल. नाव ठरलं की फॉर्म एकदाच भरू, चालेल ना?'

मी लिहिलं की चालणार नाही. डोलोरेसने सांगितलेलं सगळं लिहिलं. फॉर्मवर कुठल्या ओळीत काय टाकायचं ते लिहिलं. तिच्या विद्यापीठाचे नियम वेगळे असतील, मुदत तीस दिवसांचीही असेल, म्हणून आजच विमा ऑफिसला विचार असंही लिहिलं. तिने निळा अंगठा पाठवला. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर 'संजीवशी बोलते' म्हणाली. तिसऱ्या दिवशी विचारलं, तर मेसेज पोचला पण वाचला गेला नाही. त्यानंतर मी चार फोन केले. एकदा संजीवने उचलला.

"सगळं ठीक आहे ताई," तो म्हणाला. "फक्त जरा सर्दी आहे. आम्ही बाहेर काढत नाही त्याला."

"दूध घेतोय?"

"घेतोय घेतोय."

मी वहीवाली बाई आहे. 'घेतोय' एकदा म्हणणं आणि दोनदा म्हणणं यात काय फरक असतो ते मला कळतं.

मी जर्सी सिटीत आहे, सलाईनच्या खुणा अजून न गेलेलं बाळ मांडीवर आहे, आणि मध्ये अख्खा देश आहे. आज त्या मुलाचा बाविसावा दिवस. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी फ्रीमाँटला राहत असेल, आणि स्टेशनजवळच्या नव्या टाउनहाउसांकडून तुमचं जाणं-येणं असेल, तर एकदा गाडी थांबवा. डावीकडून चौथं दार, पत्ता आणि फोटो प्रीताने पहिल्याच दिवशी पाठवला होता; बाहेर स्ट्रोलर आहे, अजून खोक्यातच. काहीतरी घेऊन जा, बाळंतिणीला पाहायला आलो म्हणा. दार संजीव उघडेल आणि सगळं ठीक आहे म्हणेल. तो वाईट मुलगा नाही, त्याच्याशी वाद घालू नका. चप्पल काढून आत जा, प्रीताच्या शेजारी बसा, बाळाच्या मानेला हात लावून बघा, आणि तिला विचारा की फॉर्म पाठवला का. नाही म्हणाली तर तिथेच बसून भरून घ्या. आणि मला कळवा.